ईदेची साडी

आमच्या बंदरावरच्या हाजी दाऊद मुकादमांना न्यायावर बोलायची भारी हौस. इस्लामने मुलींना वारसाहक्क दिला, हे ते असं रंगवून सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, तो हाजींनीच दिला. वडील वारले तेव्हा मात्र आंब्याची अख्खी बाग त्यांनी एकट्याने दाबली. शेवटी त्यांची विधवा बहीण जुलेखा हिस्सा मागायला काझींपुढे उभी राहिली.

हाजी दाढी कुरवाळत म्हणाले, "काझीसाहेब, हिला काय कमी आहे? दर ईदेला साडी पाठवतो मी. भावाच्या मायेपुढे बागेची काय किंमत?"

ती साडी माझ्याच दुकानातली. हाजी नेहमी सगळ्यांत हलकी मागून घेत.

जुलेखा म्हणाली, "खरंय, भाईजान. पण एवढी माया मी एकटीनेच का घ्यावी? आता बाग मला द्या. दर ईदेला कुडत्याचं कापड मी पाठवीन तुम्हाला."

काझींनी हसू दाबत विचारलं, "हाजीसाहेब, कबूल?"

"छे, छे," हाजी गडबडले. "शरीयत सांगते तशीच वाटणी करा."

"मी तरी दुसरं काय मागत होते?" जुलेखा म्हणाली.

त्या ईदेला हाजी दुकानाकडे फिरकले नाहीत. जुलेखा आली, आणि भावासाठी चांगल्यातलं कापड घेऊन गेली.