आबासाहेबांची नवीकोरी मुरलेली सिस्टीम

"नवीकोरी पाहिजे, आणि वापरून मुरलेलीही पाहिजे. उद्याच्या बैठकीत दोन्ही एकात आणून दाखव," आबासाहेब म्हणाले.

आबासाहेब खराडे दूध संघाचे चेअरमन. तालुक्यात त्यांच्या शब्दाला नाही म्हणणारा कोणी नव्हता. संघाच्या सर्व्हरवर गावोगावच्या दुधाची नोंद होई. तो सर्व्हर ज्यावर चाले, ती ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची होती. ती निवडायचं काम वनिता गुरव हिच्याकडे. वनिता शेतकऱ्याची मुलगी, संघात अकरा महिन्यांच्या करारावर.

वनितानं दोन वर्षं लोकांच्या वापरात असलेली सिस्टीम सुचवली. आबासाहेबांचं तोंड वाकडं झालं.

"नदीपलीकडच्या संघानं गेल्या आठवड्यात अगदी ताजी घातली. त्यांचा चेअरमन विश्वासराव गावभर सांगत फिरतोय. आणि मी शिळी घेऊ?"

"ताजी बिघडते, आबा. सकाळी संकलन बंद पडलं तर दूध नासेल."

"बिघडताही कामा नये. तुला जमत नसेल तर सांग. तुझा करार या महिन्यात संपतोच आहे."

वनिता उठली आणि थेट बाजाराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी संचालक जमले. वनिता आली ती हातात खोका घेऊन. उघडला, तर आत नवी कोल्हापुरी चप्पल. कातडं करकरीत, वास घमघमीत.

"आबा, तुमच्यासाठी."

आबासाहेब खूश झाले. चप्पल हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली, वाकवून बघितली आणि दाराकडे बघून हाक मारली, "ज्ञानू!"

ज्ञानू त्यांचा ड्रायव्हर. तो आत आला.

"ही घे. तेल पाज आणि महिनाभर घाल."

"अहो आबा, तुमच्यासाठी आणली," वनिता म्हणाली. "घाला की आत्ताच."

"खुळी का काय तू? नवी चप्पल चावते. ज्ञानूच्या पायाला फोड येऊन गेले, की मग मी घालतो. त्याचं माप आणि माझं एकच. उगाच ठेवलाय का त्याला?"

संचालक हसले. ज्ञानू हसला नाही.

"मग महिन्यानं तुमच्या पायात येईल ती चप्पल नवी की जुनी?" वनितानं विचारलं.

"नवीच. चार लोकांत नवीच दिसते. फक्त चावत नाही."

"झालं तर. नवीही आणि मुरलेलीही. मी तीच सिस्टीम सांगत होते."

आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "चप्पल ज्ञानू घालतो. सिस्टीम कोण घालणार?"

"मी सांगतेय ती लोकांनी दोन वर्षं घातलीय की, त्यांचे फोड बरेही झाले. ताजी विश्वासरावांनी घातलीय, त्यांना चावू दे. आपण मुरलेली घेऊ."

एका संचालकाला चहाचा ठसका लागला. आबासाहेबांच्या मिशा हलल्या, पण त्यांनी हसू दाबलं. इतक्या सहज हरणारा माणूस नव्हता तो.

"घेतली समज. पुढं शिवण उसवली तर?"

"बनवणारे दहा वर्षं दुरुस्तीचे टाके घालून देणार. तसं लेखी दिलंय त्यांनी."

"दहा वर्षं! आणि ते टाके वेळच्या वेळी पडतात का नाही, हे बघणार कोण?"

"मीच बघायची. पण आबा, सिस्टीम दहा वर्षांची आणि ती सांभाळणारी अकरा महिन्यांची. हा जोड कुठल्या मापाचा म्हणायचा?"

आता मात्र आबासाहेबांना आवरेना. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. उपरण्यानं डोळे पुसत ते सेक्रेटरींना म्हणाले, "लिहा. हिची सिस्टीम मंजूर. आणि हिला कायम करा, आजपासून."

मग ते ज्ञानूकडे वळले. "ती चप्पल तुलाच ठेव. महिन्यानं परत मागायचो नाही."

ज्ञानूनं चप्पल लगेच काखेत मारली.

"आणि विश्वासरावाला फोन लावून दे जरा," आबासाहेब म्हणाले. "विचारतो, फोड आले का म्हणून."