पाळण्यातला नारळ

“पण बुवा, लेकराला मऊ अंथरूण घालणं हा काय गुन्हा आहे?”

आत्मारामबुवांचा बत्ता चालूच राहिला. ते खलबत्त्यात सुंठ कुटत होते. रामनवमीची सकाळ होती. दुपारी बाराला जन्मकाळ, आणि प्रसादाचा सुंठवडा अजून व्हायचा होता.

प्रश्न विचारणारे मधुसूदनराव पोतनीस सभामंडपात पाळणा सजवत होते. पेठेतलं कापडाचं दुकान मुलाच्या हाती सोपवून ते मोकळे झाले होते, आणि मोकळा माणूस जे करतो ते करत होते. घरच्यांना शिकवत होते.

बुवांचे ते जुने शिष्य. मठातला रामजन्माचा पाळणा सजवण्याचा मान त्यांचा. हा मान त्यांना कोणी दिला ते कोणालाच आठवत नव्हतं, पण काढून घेण्याची छातीही कोणाची नव्हती. पाळणा पाहायला तालुक्यातून लोक येत. रामासाठीही काही येत असावेत.

मठाची रीत अशी, की जन्माच्या वेळी गाभाऱ्यातली मूर्ती हलवायची नाही. नारळाला कुंची बांधायची, काजळानं डोळे काढायचे आणि तोच बाळराम म्हणून पाळण्यात निजवायचा. तसा तो नारळ चौरंगावर नटूनथटून बसला होता आणि काजळाच्या डोळ्यांनी मधुसूदनरावांची लगबग पाहत होता.

“गुन्हा नाही ना?” मधुसूदनरावांनी पुन्हा विचारलं. “मग आमच्या सूनबाईंना तेवढं आपल्या तोंडून सांगा. आज ती बाळाला घेऊन दर्शनाला येणारच आहे.”

“काय सांगू?”

मधुसूदनराव याच प्रश्नाची वाट पाहत होते.

सून मुग्धा सव्वा महिन्यानं माहेराहून मुलीला घेऊन आली, तेव्हा घरात पाळणा सजून तयार होता. सावरीच्या कापसाची गादी, हात टेकला तर मनगटापर्यंत बुडावा अशी. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. दोन्ही अंगांना छोटे लोड. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, आणि तिच्यावर मखमली दुलई. रामाच्या पाळण्यात आजवर जे जे घातलं, त्यातलं काहीही नातीसाठी कमी केलं नव्हतं.

मुग्धानं पाळण्याकडे पाहिलं. छान झालाय म्हणाली. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

मग तिनं एकेक वस्तू बाहेर काढली आणि माळ्यावर टाकली. फळीवर एक पातळ घट्ट गादी, तिच्यावर ताणून खोचलेली चादर, आणि चादरीवर उताणी मुलगी. बाकी काही नाही. पाळणा ओढून घेतला तो आपल्या पलंगाशेजारी. दवाखान्यातल्या सिस्टरनं तसं सांगितलं होतं म्हणे. ही सिस्टर कालची पोर, आणि मधुसूदनरावांचं सबंध आयुष्य गाद्या-गिरद्यांच्या कापडात गेलेलं.

“तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा कांबळं देतात, बुवा.”

“कैद्याला ते काढता येतं,” बुवा म्हणाले.

मधुसूदनरावांनी हे ऐकलं नाही. ते सावरीची गादी पाळण्यात बसवत होते, आणि त्या कामात त्यांना दुसऱ्याचं ऐकू येत नसे.

“रात्री डास चावला तर काय करतोस?” बुवांनी विचारलं.

“मारतो.”

“कशानं?”

“हातानं. कशानं म्हणजे काय…”

“नातीला सांग मारायला.”

मधुसूदनराव हसले. गुरू कधीकधी असंबद्ध बोलतात, हे ते जाणून होते. वयही झालं होतं बुवांचं.

“विषय डासांचा नाही, बुवा.”

बत्ता जरा जोरात आदळला.

“बरं. भांडण कशावरून झालं ते सांग.”

“भांडण असं नाही… बोलाचाली.”

बोलाचालीची हकीकत अशी होती. परवा मुग्धा न्हाणीघरात होती आणि मुलगी रडत होती. मधुसूदनरावांनी संधी साधली. माळ्यावरचं सगळं खाली काढून पाळण्यात घातलं, मुलीला उशीवर पालथं निजवलं आणि वरून दुलई घातली. पोर बघता बघता झोपली. घर शांत झालं. मधुसूदनराव शेजारी आरामखुर्चीत बसले आणि अनुभव म्हणजे काय, यावर मनाशीच बोलू लागले.

“हूं नाही की चूं नाही, बुवा. माझ्या हातची झोप ती. आणि ही बाई बाहेर आली, आणि झोपलेल्या पोरीला खस्सकन उचललं तिनं.”

“का?”

“दुलई जराशी वर सरकली होती.”

“वर म्हणजे कुठे?”

मधुसूदनराव लोडाची झालर नीट करू लागले.

“मधू. वर म्हणजे कुठे?”

“तोंडावर… जराशी.”

“आणि पोर?”

“झोपली होती म्हटलं ना.”

“चेहरा कसा होता?”

“लाल झाला होता थोडा. घामेजली होती. चैत्र आहे, बुवा, घाम आपल्यालाही येतो.”

“तू शेजारीच होतास.”

“शेजारीच.”

“तुला काही ऐकू आलं?”

“काहीच नाही. तेच तर म्हणतोय. इतकी शांत…”

बत्ता थांबला होता, आणि तो थांबल्याबरोबर सभामंडप फार मोठा वाटू लागला.

मुग्धा त्या वेळी ओरडली नाही, ही मधुसूदनरावांची मुख्य तक्रार होती. ओरडली असती तर त्यांनाही आवाज चढवता आला असता. तिनं फक्त पोरीला छातीशी धरलं, पोर रडेपर्यंत तिची पाठ चोळली, आणि रडल्यावर खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, की यातली एक जरी वस्तू पाळण्यात परत दिसली तर ती मुलीला घेऊन माहेरी जाईल. मधुसूदनरावांनी दुलई घालणारच म्हटलं, आणि बॅग तेव्हापासून दाराशी भरून ठेवलेली होती. मुलानं बापाचीही बाजू घेतली नाही आणि बायकोचीही. तो दुकानात जाऊन बसला. पेठेत इतक्या लवकर त्यांचं दुकान कधी उघडलं नव्हतं.

“आज आपण शब्द टाकला नाहीत, तर दुपारच्या एसटीनं नात जाईल,” मधुसूदनराव म्हणाले. आवाज मध्येच चिरकला, म्हणून ते खोकले. “घरात पाळणा हलेनासा होईल, बुवा. आणि कशासाठी? एका दुलईसाठी.”

“नातीसाठी दुलई सोड मग.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

बुवांनी डोळे मिटले. ध्यानासाठी नव्हे. शिष्य फार जुना झाला की गुरूला असे डोळे मिटावे लागतात.

“आम्ही सगळे असेच वाढलो,” मधुसूदनराव म्हणाले. “याच गोधड्यांत, याच उशांवर.”

“तुम्ही भावंडं किती?”

“सहा. म्हणजे… पाच.”

“सहा की पाच?”

“पाच. माझ्या पाठचा एक तान्हा असतानाच गेला.”

“कशानं?”

“दृष्ट लागली, असं आई म्हणायची. संध्याकाळी चांगला दूध पिऊन निजला होता. गारठा होता, तर तिनं घरातलं होतं नव्हतं ते सगळं त्याच्यावर पांघरलं. सकाळी…”

मधुसूदनरावांच्या हातात दुसरा लोड होता. तो पाळण्यात ठेवायचा की नाही हे हाताला कळेना.



“आजारी नव्हता,” मधुसूदनराव म्हणाले.

बुवा त्या लोडाकडे पाहत राहिले.

“देवाची इच्छा,” मधुसूदनरावांनी शेवटी लोड पाळण्यात ठेवला. “त्याच्या मनात असेल तेच होतं.”

“देवावर बरंच सोपवतोस,” बुवा म्हणाले. “पांघरूण मात्र स्वतः घालतोस.”

मधुसूदनरावांना आता राग आला. गुरूवर रागावता येत नाही, म्हणून त्यांनी तो मोगऱ्याच्या गजऱ्यावर काढला आणि पाळण्याच्या कडीला करकचून गाठ मारली.

“ठीक आहे. मग हे सांगा, बुवा. इतकी वर्षं मी रामाला याच गादीवर निजवतोय. हेच लोड, हीच दुलई. वरून फुलांची रास. कधी काही झालं?”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चौरंगावरच्या नारळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “त्याला कधी काही झालं नाही.”

मधुसूदनरावांना वाटलं, जिंकलो.

उन्हं चढली. मंडपात माणसं दाटली. कीर्तनकारबुवांनी आख्यान अयोध्येच्या वेशीपर्यंत आणलं आणि घड्याळाकडे पाहून तिथे थोडं रेंगाळवलं. लोकांनी गुलालाच्या मुठी भरून घेतल्या. पाळणा असा सजला होता की त्यात बाळाला जागा कुठे, हे शोधावं लागलं असतं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसून दाखवत होत्या, आणि मधुसूदनराव खांबाशी विनयानं उभे राहून सगळं ऐकत होते.

तेवढ्यात मुग्धा आली. सुती दुपट्यात नुकताच डोळा लागलेली मुलगी, आणि खांद्याला ती भरलेली बॅग. दर्शन घेऊन ती थेट स्टँडवर जाणार हे मधुसूदनरावांना बॅग पाहूनच कळलं.

ते पुढे झाले. बेत त्यांनी सकाळीच आखला होता. गुरूच्या हातानं, चारचौघांदेखत, रामाच्या पाळण्यात नात एकदा निजली, की ती गादी प्रसादाची झाली, घरी न्यायला मोकळी. मग प्रसाद माळ्यावर टाकण्याची हिंमत कोणत्या सुनेची आहे तेच पाहू.

“बुवा,” ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “जन्मकाळाच्या आधी घटकाभर पोरीला आपल्या हातानं पाळण्यात ठेवा. तिचं भाग्य.”

बायकांत कौतुकाची कुजबुज झाली. कीर्तनकारबुवांनी चिपळ्या थांबवल्या.

आत्मारामबुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, सावकाश उठले. मुग्धापुढे येऊन त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मुग्धानं मुलगी दिली नाही. एक पाऊल मागे सरकली.

“बुवा, रागावू नका,” ती म्हणाली. “मी हिला यात ठेवणार नाही.”

मंडपात कोणीतरी “अगंबाई” म्हणालं. मधुसूदनरावांनी डोळे खाली घातले, पण फार खाली नाही. गुरू आता काय बोलतात ते त्यांना पाहायचं होतं.

“यात ठेव, असं मी कुठे म्हटलं?” बुवा म्हणाले.

ते वळले आणि पाळण्याशी गेले. वरची फुलांची रास त्यांनी दोन्ही हातांनी उपसून खाली टाकली. मग दुलई काढली.

“धर,” ते मधुसूदनरावांना म्हणाले.

मधुसूदनरावांनी धरली.

गोधडी काढली. “धर.”

मग लोड. मग मोहरीची उशी. मग सावरीची गादी, जी निघता निघेना, कारण मधुसूदनराव काम पक्कं करत. बुवांनी ती हिसडा मारून काढली. प्रत्येक वेळी तोच एक शब्द, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा वैतागलेला. मधुसूदनरावांच्या हातांवर ढीग वाढत वाढत त्यांच्या हनुवटीला टेकला.

पाळण्यात नुसती फळी राहिली.

बुवांनी खांद्यावरचा धुतलेला पंचा काढला, झटकला, फळीवर पसरला, चारी कडा ताणून खाली खोचल्या. वरून तळवा फिरवला. सुरकुती राहिली नाही.

“आता पाहा, पोरी.”

मुग्धा पुढे आली. तिनं तळव्यानं फळी दाबून पाहिली. बुवा तिच्या तपासणीला विद्यार्थ्यासारखे उभे राहिले. मग तिनं मुलीला उताणं ठेवलं. दुपट्याचा मोकळा पदर तोंडाजवळ येत होता, तोही सोडवून काढून घेतला.

मुलीनं एक सुस्कारा टाकला. दोन्ही मुठी कानांशेजारी वर केल्या, शरण आल्यासारख्या, आणि झोपून राहिली.



मधुसूदनरावांनी ढिगाच्या वरून मान काढून पाहिलं. पोरीचं पोट वर होत होतं, खाली होत होतं. मध्येच क्षणभर थांबत होतं, आणि मग पुन्हा वर. तिला ते रोज पाहत होते, पण हे कधी दिसलं नव्हतं. त्यांच्या पाळण्यात ते दुलईखाली झाकलेलं असे.

पुन्हा थांबलं…

मधुसूदनरावांचाही श्वास थांबला.

पुन्हा वर झालं.

त्यांच्या बगलेतून एक लोड घसरून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

“बुवा,” पुजारी हलकेच म्हणाला. त्याच्या ओंजळीत कुंची बांधलेला नारळ होता. “बारा वाजत आले. पाळण्यात तर ही… रामाला कुठे निजवायचं?”

लोक गुलालाच्या मुठी उचलून ताटकळले होते. बुवांनी हात वर करून मुठी खाली करायला लावल्या. मग पुजाऱ्याच्या ओंजळीतला नारळ घेतला, त्याची कुंची नीट केली, आणि मधुसूदनरावांच्या हातांवरच्या ढिगात, दुलईच्या घडीत, तोंडापर्यंत खोचला.

“हा घरी ने, मधू,” ते म्हणाले. “याला सगळं चालतं.”