खिडकीजवळची जागा

"विंडो देऊ, की आयल?"

विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने संगणकावरची नजर न काढताच विचारले. स्वामी पूर्णबोधांनी तोंड उघडण्याआधीच त्यांचा शिष्य शारंगधर पुढे सरसावला.

"महाराजांना कसलीच आवडनिवड नाही. काहीही चालेल."

"खिडकीची," महाराज म्हणाले. "पंखावरची मात्र नको. खालचं काही दिसत नाही."

शारंगधर चपापला. तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी सोडून मठात आल्यापासून त्याने स्वतःसाठी काहीही मागितले नव्हते. आणि आपण काही मागत नाही हे कोणाच्या नजरेतून सुटू नये, याची पुरेशी काळजीही घेतली होती.

बंगळुरूला मठाची नवी शाखा सुरू होत होती. तिचा कारभार कोण पाहणार, हे महाराज आज संध्याकाळी तिथे पोहोचल्यावर जाहीर करणार होते. शारंगधरला ते काम हवे होते. इतके हवे होते की त्याविषयी त्याने कधी अवाक्षरही काढले नव्हते. दिवाळीत यामिनीने, त्याच्या गुरुभगिनीने, ते सर्वांसमक्ष मागून टाकले, तेव्हा त्याला तिची कीव आली होती.

"आणि सर, तुम्हाला?"

"काहीही."

मुलीने दोन बोर्डिंग पास पुढे केले. शारंगधरने आपला पाहिला. शेवटची रांग, दोघांच्या मधली जागा.

"मॅडम, याहून जरा बरी..."

"सर, तुम्हीच म्हणालात ना?"

मागे उभ्या असलेल्या बाई खुदकन हसल्या.

दोघे बाजूला झाले. महाराज आपला पास उलटसुलट करून पाहत होते, आणि खुशीत होते.

"महाराज, इच्छा हे बंधन आहे, असं आपणच शिकवता."

"शिकवतो की."

"मग ही खिडकी?"

"वाटेत गोदावरी लागते म्हणे. वरून कशी दिसते ते बघायचंय."

"आणि मिळाली नसती तर?"

"वाईट वाटलं असतं." महाराजांनी क्षणभर विचार केला. "थोडा वेळ."



"बरं, त्या शाखेचं काय करू या?" महाराजांनी सहज विचारले. "तुला काय वाटतं?"

"आपली जी इच्छा असेल, तीच..."

वाक्य सवयीचे होते. आज ते अर्ध्यावरच अडले.

महाराज पुन्हा पास न्याहाळू लागले. त्यांना घाई नव्हती...

"मला हवंय ते," शारंगधर म्हणाला. त्याचे कान तापले होते. "पहिल्यापासून हवंय. दुसऱ्या कोणाला दिलंत, तर मला सोसायचं नाही."

महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोललास, बरं केलंस."

"म्हणजे... मला?"

"छे रे. यामिनीला. दिवाळीतच ठरलं."

शारंगधर उभ्याचा उभा राहिला. व्हायचे ते दुःख झालेच. ते त्याने नीट निरखून पाहिले. ते त्याच्या अंदाजापेक्षा बरेच लहान निघाले. मग त्याला हसू आले, आणि त्या हसण्यातूनच एक प्रश्न त्याच्याही नकळत निसटला.

"मग मी काय करू, महाराज? मला काय?"

महाराजांनी पिशवी काखेत मारली आणि समोरच्या टपरीवजा दुकानाकडे बोट केले.

"ते बोलू. आधी चहा घेऊ. मला आलं घातलेला हवा, साखर कमी... तुला?"