महाराजांच्या मोटारीचं सोन्याचं झाकण

वेळूगडच्या महाराजांच्या मोटारीत गाडी हवा बिघडवतेय असं सांगणारा पिवळा दिवा लागला आणि सगळा दरबार हादरला! कारण महिन्यापूर्वी महाराजांनीच दवंडी पिटवली होती, "ज्याची गाडी हवा नासवील, तिची चाकं भर चौकात काढली जातील. मग तो कोणीही असो!"

आता हा 'कोणीही' खुद्द महाराजच निघाले.

दिवाण सदोबांनी ताबडतोब उपाय केला. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि गाडी तपासणी नाक्यावर नेली. नाक्यावर भिवाजी मिस्त्री होता. त्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत आपल्या यंत्राची वायर खोचली. यंत्राने सांगितलं, "नापास."

"अरे, दिवा दिसतोय का कुठे?" दिवाण ओरडले.

"साहेब, मी दिव्याला विचारतच नाही. गाडीच्या पोटात एक कारकून बसलेला असतो. कुठे काय बिघडलं ते तो टिपून ठेवतो. मी त्याला विचारतो."

"मग त्याला काहीतरी देऊन टाक!"

"तो घेत नाही, साहेब."

न घेणारा कारकून! वेळूगडात असलं कुणी ऐकलं नव्हतं. दिवाणांनी मग बॅटरीची तार उपसली आणि पुन्हा लावली. कारकुनाची वही कोरी झाली, दिवा विझला. दिवाण मिशीवर ताव देत परत आले. यंत्राने सांगितलं, "तयार नाही."

"आता काय झालं?"

"वही कोरी आहे, साहेब. दोष नाही म्हणून कोरी नव्हे, अजून काही तपासलंच नाही म्हणून कोरी. गाडी नीट चालवा, त्याला सगळं बघू द्या, मग या."

भिवाजीने पासच्या कागदावर सही केली नाही. हे ऐकून महाराज खवळले आणि भिवाजीला बोलावून गरजले.

"शुक्रवारी गाडी पास झाली पाहिजे! पण राजाच्या गाडीत दोष असेलच कसा? त्यामुळे दुरुस्ती करायची नाही. मिस्त्र्याचा हात लागायचा नाही, नवा भाग बसायचा नाही. नाहीतर भिवाजी, तू हद्दपार!"

भिवाजीने घरी येऊन सगळं सांगितलं. त्याची लेक चांगुणा लहानपणापासून इंजिनांच्या संगतीत वाढलेली. बाप भिंतीवरच्या पान्यांवरून हात फिरवतोय, हे तिने पाहिलं आणि तिला भरून आलं. तिने पदर खोचला आणि तडक वाडा गाठला.

"महाराज, मी गाडी पास करून देते. बोटही लावणार नाही."

"पोरी, मंत्र म्हणणार आहेस का?"

"नाही. नुसता वास घेणार आहे."

दरबार हसला. चांगुणा हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरली. पेट्रोलच्या टाकीपाशी थांबली. तिथे पेट्रोलचा वास येत होता, आणि टाकीवर सोन्याचं झाकण चमकत होतं. वर राजमुद्रा!

"हे कुणी बसवलं?"

"आम्ही!" महाराज फुगून म्हणाले. "खास सोनाराकडून घडवलं!"

चांगुणा मनात म्हणाली, सोनाराने सोनं घातलं, रबराचं कडं घालायचं राहिलं. फटीतून वाफ निसटते, हवेत जाते, आणि कारकून ते टिपतो. पण राजाला त्याचं सोनं वाईट आहे असं सांगायचं कसं?

"महाराज, एवढं सोनं गाडीच्या बाहेर? आणि तेही उघड्यावर? कुणी फिरवून नेलं तर!"

महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच झाकण काढून खिशात टाकलं. "आणि पेट्रोल उघडंच ठेवायचं?"

"जुनं झाकण असेल ना? नवा भाग तर बसवायचा नाही."

जुनं झाकण दिवाणांच्या टेबलावर सापडलं, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं. महाराजांनी ते आपल्या हातांनी फिरवलं. टक, टक, टक!

"घट्ट बसलं," चांगुणा म्हणाली. "आता गाडी चालवावी लागेल. सकाळी गार इंजिन चालू करायचं, गाडी थोडा वेळ जागीच चालू ठेवायची, सरळ रस्त्याला एका वेगात न्यायची, मग पाय उचलून आपोआप हळू होऊ द्यायची. कारकून तेव्हाच एकेक गोष्ट तपासतो. आजवर ही गाडी वाड्यापासून दरबारापर्यंत दोनशे पावलं गेली, तीही ढोलकऱ्याच्या मागून!"

"राजाने गाडी हाकायची?" दिवाण किंचाळले.

"मिस्त्र्याचा हात चालत नाही. मग राजाचाच हवा."

मंगळवारी महाराज निघाले. एका वेगात जाता येईना! पावलोपावली खड्डे. महाराजांचा फेटा तीनदा छताला आपटला.

"सदोबा! हा रस्ता तर तुम्ही दोनदा गुळगुळीत केलात!"

"कागदावर आहे ना, महाराज," दिवाण पुटपुटले.

बुधवारी दिवाणांचं सगळं रस्ते-खातं घमेली घेऊन खड्डे बुजवायला उतरलं. गुरुवारी गाडी सीमेपर्यंत एका लयीत जाऊन आली. शुक्रवारी भर दरबारात भिवाजीने वायर खोचली. यंत्राने सांगितलं, "तयार. दोष नाही. पास!"

टाळ्या पडल्या. पण महाराज महाराजच! ते पुढे झुकले. "पोरी, तू काय केलंस गं? झाकण मी बसवलं, गाडी मी चालवली. गाडी माझ्याच हातांनी पास झाली. पास तू करून देणार होतीस ना? तू हरलीस! भिवाजीला हद्दपार करा!"

भिवाजीने मान खाली घातली. चांगुणाने बापाचा हात धरला आणि शांतपणे म्हणाली, "खरं आहे, महाराज. पास तुमच्या हातांनी झाली. मग ते सोन्याचं झाकण बसवून नापास कुणाच्या हातांनी झाली होती? हात तुमचे, आणि वेळूगड सोडून चालायचं माझ्या बापाच्या पायांनी?"

महाराजांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग असे खदखदून हसले, की डोळ्यांतून पाणी आलं!

"भिवाजी, हिच्यापुढे आमची चाकं तू न काढताच निखळली रे! जा, नाका तुझाच. आणि पोरी, आजपासून राज्यातले सगळे नाके तुझ्या हाताखाली. उद्या पहिली गाडी कुणाची घेतेस?"

"दिवाणसाहेबांची."

दिवाण सदोबा घाईघाईने उठले आणि म्हणाले, "महाराज, उद्यापासून मी पायीच यायचं ठरवलंय!"