चिमामायची उतरंड

सातविणवाडीला गाडीवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वाडीत चिमामाय नावाची औषध देणारी बाई होती. तिच्या परसात फुटक्या घागरी, तळ गेलेल्या पाट्या, हाताला लागेल त्यात काहीतरी उगवलेलं असे. पाला ती उन्हात कधी वाळवत नसे. माजघरात सावलीला, सुपांवर पसरायची, आणि चुरचुरीत झाला की मडक्यात भरून तोंडाला फडकं बांधायची. अशी नऊ मडकी एकावर एक रचलेली. मुंगीसुद्धा त्या उतरंडीकडे फिरकत नसे, असं म्हणतात.

चिमामायच्या हाताला गुण होता. पण पुडी कशाची, ते ती काही केल्या सांगायची नाही. तिचा बाप सटवाजी, त्यानं ही विद्या तिला दिली आणि बजावलं, की चारचौघांत झाडाचं नाव घेतलं की हाताचा गुण जातो. तो तिच्या कानात एकेक नाव सांगत गेला. आठ सांगून झाली आणि त्याला ताप भरला, वाचा बसली. शेवटपर्यंत तो तळाच्या मडक्याकडे बोट दाखवत राहिला. चिमाला काही उमगेना. ते मडकं तिनं जन्मभर तसंच बांधून ठेवलं.

पुढे एका थंडीत वाडीतल्या पोरांना डांग्या खोकला लागला. खोकून खोकून पोरं निळी पडायची. नेमकी तेव्हाच चिमामाय तापानं आडवी झालेली. भर दुपारी बाया पोरं कडेवर घेऊन अंगणात उभ्या, आणि त्यांत तिची सून सगुणा, तिचंही तान्हं खोकणारं. सगुणानं बारा वर्षं त्या झाडांना पाणी घातलं होतं, पण नाव एकाचंही तिला ठाऊक नव्हतं. आज अडुळसा शेंबडं पोरही ओळखतं. तेव्हा तसं नव्हतं.

सगुणा उतरंडीपाशी गेली आणि रडकुंडीला आली. "आत्याबाई, मडकी समदी सारखीच. कंचं सोडू?"

चिमामायनं नुसतं बोट वर केलं. ते थरथरत होतं, कुठल्या मडक्याकडे आहे तेच कळेना, आणि कितवं ते सांगावं तर तापाच्या भरात तिलाही आठवेना. आपलं बोट बघून तिला बाप आठवला.

"नाव घेतलं तर हातचा गुण जाईल गं," ती म्हणाली.

"मग जाऊ द्या की! पोरं ऱ्हाऊ द्या," सगुणा म्हणाली. सासूला असं उलट ती आयुष्यात एकदाच बोलली.

चिमामाय भिंतीला धरून उठून बसली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अडुळसा!"

वारा नव्हता, तरी परसातलं एक झाड सळसळलं, असं म्हणतात. वरून तिसऱ्या मडक्यातून, फडकं बांधलेलं असताना, वास सुटला. मग ती थांबलीच नाही. तुळस म्हणाली, वेखंड म्हणाली, गुळवेल म्हणाली, आणि ज्याचं नाव घेतलं त्याचं मडकं दरवळलं. आठ झाली. नवव्यापाशी ती अडली. "ह्ये बापासंगं गेलं," एवढंच ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडली.

पोरं वाचली. सगळी वाचली असं म्हणतात. माझा काही त्यावर विश्वास नाही, पण बरीच वाचली असणार, कारण वाडी अजून आहे.

गुण मात्र खरोखरच गेला. त्यानंतर चिमामायनं दिलेली पुडी कुणालाच लागू पडली नाही. त्याच मडक्यातलं तेच औषध सगुणानं दिलं की लागू पडे, शेजारणीनं दिलं तरी पडे. म्हातारीला वाईट वाटलं का? वाटणारच. तरी काठी टेकत ती घरोघर रोपं पोचवत फिरली, आणि कशाचं रोप आहे ते दारातूनच ओरडून सांगायची.

आजही सातविणवाडीत पाला खुडताना झाडाचं नाव मोठ्यानं घेतात. पाहुण्यांना वाटतं, परसात भांडण लागलंय. प्रत्येक घरात नऊ मडक्यांची उतरंड आहे. नवी सून आली की ती एकेक मडकं उतरवते, नाव घेते, आणि घरातली पोरंसोरं तिच्यामागून ओरडतात. तळाचं मडकं रिकामं असतं. तिथे आल्यावर सून गप्प राहते, पोरं गप्प राहतात, आणि सासू तिच्या कानाशी येऊन सांगते, "ह्ये सांगायचं राहून गेलं."