अंगठी दिसेल असा रस

आत्या घरी असेपर्यंत ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आईनं मला बजावलंय. पण आत्या आत्ता मागच्या दारी माझ्या रसासाठी गाजरं धुतेय. तेवढ्यात सांगून टाकते.

कुणालाच नीट आठवत नाही इतक्या जुन्या काळी, एका डोंगरी राज्यात एक राणी होती. तिला एकुलती एक मुलगी. त्या राज्याची रीत अशी, की गादीच्या वारसानं बाराव्या वाढदिवशी गडाच्या तीनशे पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढायच्या. राजकन्येला तर तिसाव्या पायरीवरच धाप लागे. आणि वाढदिवसाला सहाच महिने उरले होते.

वैद्यांनी सांगितलं, "मुलीला रोज फळांचा नि भाज्यांचा ताजा रस द्या."

राणीनं त्यासाठी एक बाई नेमली. राजकन्या तिला मावशी म्हणे. मावशी सकाळी उठून गाजरं किसे, काकडी चिरे, डाळिंबं सोले, आवळे नि आलं ठेचे. सगळं पाट्यावर वाटून ती फडक्यात पिळून काढी.

पण राणीचा एक दंडक होता. रसाच्या वाटीत ती स्वतःची अंगठी टाके. तळाशी अंगठीचा खडा लखलखीत दिसला, तरच ती वाटी राजकन्येला मिळे.

"गढूळ पाणी गुरं पितात," राणी म्हणे. "माझी लेक नाही."

म्हणून मावशी रस मलमलीतून सात वेळा गाळी. शेवटी वाटीत उरे ते गोडसर पाणी. चोथा ती मागच्या अंगणातल्या हडकुळ्या शेळीपुढं टाकी.

तीन महिने गेले. राजकन्या आता विसाव्याच पायरीवर बसू लागली.

"तुझ्या हाताला गुण नाही," राणी मावशीला म्हणाली. "आठ दिवस देते. नाहीतर आपली वाट धर."

मावशी डोळे पुसत अंगणात गेली. शेळी जागेवर नव्हती. थोड्या वेळानं ती गडावरून उड्या मारत खाली आली.

"अगं, सगळ्या पायऱ्या चढलीस?"

"दोनदा," शेळी म्हणाली. "आणि मावशी, काल आलं जरा जास्त पडलं होतं हं."

"तुला गं काय कळतंय त्यातलं?"

"मला नाही तर कुणाला कळणार? राजकन्येचा खुराक तीन महिने मीच तर खातेय!"

मावशीनं दोरीवर वाळणाऱ्या मलमलीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मलमल हातात घेतलीच नाही. रस एकदाच पिळला आणि तसाच वाटीत ओतला. राणीनं अंगठी टाकली. ती दिसेनाशी झाली.

"हा रस की चिखल?" दासी हसल्या.

मावशी म्हणाली, "राणीसाहेब, मला काढायचं तर काढा. पण आधी तुमच्या लेकीकडं बघा, मग खिडकीतून त्या शेळीकडं बघा."

राणीनं दोघींकडं पाहिलं. मग तिनं अंगठी काढायला वाटीत बोटं घातली. बोटं केशरी झाली. नकळत तिनं एक बोट चाटलं.

"अगंबाई, याला चव आहे की!" राणी म्हणाली. इतके दिवस ती फक्त बघत होती. चाखून एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून राजकन्येला दाट रस मिळू लागला. वाढदिवशी ती दोनशेव्या पायरीवर थोडी थांबली, दम घेतला आणि तीनशेवर पोहोचली. राणीनं अंगठी काढली आणि मावशीच्या बोटात घातली.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, डोळ्यांना नितळ दिसतं तेच अंगी लागतं असं नाही.

शेळीचंही सांगते. तिचा चोथा कमी झाला, म्हणून ती रागावून थेट राणीकडं गेली आणि...

"वेणू, गाळणी कुठं ठेवलीस गं?" आत्या विचारतेय. आता काय सांगू तिला, गाळणी तर मीच लपवलीय!