दोरखंडवाल्यांची उत्पला

पूर्वी शाल्मली नावाच्या नगरीत सुबाहू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका व्यापारी कुळात जन्मले होते. त्यांचे नाव यशोमित्र. बैलांचे तांडे घेऊन ते मीठ आणि कापड दूरदूरच्या गावी नेत, आणि वजनात कधी फसवत नसल्यामुळे लोक त्यांची वाट पाहत.

एकदा परतीच्या वाटेवर त्यांचा तांडा नदीकाठी उतरला होता. पलीकडे दोरखंड वळणाऱ्यांची वस्ती होती. तिकडून वीणेचे सूर ऐकू आले, तेव्हा हातातले काम तसेच ठेवून यशोमित्र तिकडे गेले. एका झोपडीसमोर बारा-तेरा वर्षांची मुलगी भोपळ्याची ओबडधोबड वीणा घेऊन बसली होती. वीणा तिच्या आजोबांनी घरीच केलेली होती. मुलीचे नाव उत्पला. तिला कोणी शिकवले नव्हते, पण सूर कुठे थांबवावा हे तिला कळत होते.

यशोमित्रांनी तिला नगरातल्या आचार्य रेवतांकडे नेले. त्यांचा स्वतःचा मुलगा पूर्णकही त्याच आचार्यांकडे शिकत होता. रेवतांनी तिचे वादन ऐकले आणि तिला शिष्या करून घ्यायला ते लगेच तयार झाले. गुरुदक्षिणा यशोमित्रांनी दिली, चांगली वीणाही करवून दिली, आणि आपण एक चांगले काम केले या समाधानात ते पुढच्या फेरीला निघून गेले.

परत आले तेव्हा कळले की उत्पला महिनाभर येऊन नंतर आलीच नाही. घरातले लोक म्हणाले, गरिबाला अशा गोष्टींची किंमत नसते. यशोमित्र स्वतः वस्तीत गेले. उत्पला अंगणात अंबाडीचा दोर वळत होती आणि तिचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते. तिची आई सामा आत गेली व स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली वीणा घेऊन बाहेर आली. वीणेला ओरखडाही नव्हता.

"आर्य, ही तुमची परत घ्या," ती म्हणाली. "हिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच दोर वळतो. ही शिकायला गेली की त्या दिवशी चूल अर्धीच पेटते. लहान भावंडे आहेत."

यशोमित्रांनी वीणा तिच्याकडेच ठेवायला सांगितली. वीणा देताना त्यांनी मुलीचा विचार केला होता, तिच्या हातांवर जगणाऱ्या घराचा केला नव्हता. घरी येऊन त्यांनी कोठारावरच्या माणसाला बोलावले. दोर वळून उत्पलेने जेवढे मिळवले असते तेवढी साळ दर महिन्याला तिच्या घरी पोचवायला सांगितले. हे दान कोणत्या खाती धरायचे, असे त्याने विचारले.

"दान नव्हे," यशोमित्र म्हणाले. "शिकणे हे त्या मुलीचे काम आहे. कामाची मजुरी द्यायची असते."

अशी काही वर्षे गेली. पूर्णक आणि उत्पला एकाच पडवीत शेजारी बसून शिकले. पूर्णक मेहनती होता, त्याचा हात स्वच्छ होता. उत्पला मात्र वाजवू लागली की आचार्य आपले बोलणे विसरत.

पुढे राजाचा वृद्ध वीणावादक वारला. शरदातल्या उत्सवात परीक्षा घेऊन त्याच्या जागी नवा वादक नेमू, अशी राजाने दवंडी पिटवली. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या वादकाच्या सगळ्या कुळाला नगराच्या वेशीवरचा कर माफ होत असे. त्या वर्षी यशोमित्रांचा अर्धा तांडा पुरात वाहून गेला होता. पूर्णकाला ती जागा मिळाली तर व्यापार सावरणार होता. नाही मिळाली तर बैल विकावे लागणार होते.

यशोमित्रांची पत्नी भद्रा शहाणी बाई होती, आणि वाईटही नव्हती. तिने एके दिवशी जेवण वाढताना विषय काढला. त्या मुलीचे नुकसान करा असे कोणी म्हणत नाही, उत्सव होईपर्यंत फक्त साळ थांबवा, एवढेच तिचे म्हणणे होते. साळ थांबली की उत्पला पुन्हा दोर वळायला बसेल, मग तिची बोटे आपोआप जड होतील. कोणी बोट दाखवणार नाही, कारण आपल्या घरचे धान्य द्यायचे की नाही हा आपला प्रश्न. आपल्याही घरी यंदा कमीच आहे, असेही ती म्हणाली. ते खरेच होते.

यशोमित्रांना त्या दिवशी अन्न गोड लागले नाही. मुलगा त्यांचाच होता आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता. त्यांनी पूर्णकाला हाक मारली व समोर बसवले.

"तू रोज तिच्याशेजारी बसतोस. खरे सांग, कोण चांगले वाजवते?"

पूर्णकाने मान खाली घातली. मग म्हणाला, "ती."

"मी साळ थांबवली आणि ती जागा तुला मिळाली, तर तिथे बसून तुला वाजवता येईल?"

पूर्णक उठून गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो वडिलांशी बोलला नाही. इकडे साळ ठरल्याप्रमाणे जात राहिली. भद्रेने घरातल्या जेवणातला एक पदार्थ कमी केला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

उत्सवाच्या दिवशी पूर्णकाने इतके नेटके वादन केले की लोकांनी मान डोलावली. उत्पलेचे वादन सुरू झाल्यावर मंडपातली कुजबुज बंद पडली. खूण केल्यावर वादकाने थांबायचे, असा नियम होता. राजा खूण करायचेच विसरला. ती स्वतः थांबली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आले. निर्णय सांगण्याची गरज उरली नव्हती.

राजाने तिचे कुळ विचारले. तिने सांगितले, आम्ही नदीपलीकडचे दोरखंडवाले. सभेतले काहीजण हसले, पण रिवाज तो रिवाज. डोक्यावर दोरांच्या मोळ्या घेऊन बाजाराला येणारी ती माणसे प्रत्येक मोळीमागे वेशीवर कर भरत आली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती तशीच निघाली, आणि पहारेकऱ्यांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. कितीतरी जणांना ते खरे वाटेना; ते वेशीतून आत येऊन पुन्हा मागे वळून पाहत होते.

यशोमित्रांनी बैल विकले. उरलेल्या थोड्या बैलांवर त्यांनी लहानसा व्यापार चालू ठेवला. उत्पला आईला घेऊन भेटायला आली आणि इतक्या वर्षांची साळ परत करण्याची परवानगी मागू लागली. यशोमित्र म्हणाले, केलेल्या कामाची मजुरी परत घेण्याची रीत आमच्या घरात नाही. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. धोब्यांच्या वस्तीत एक पोर आहे, मृदंगावर त्याचा हात फार सुंदर पडतो, पण सकाळ-संध्याकाळ त्याला घाटावर कपडे धुवावे लागतात.

यशोमित्रांनी उत्तर देण्याआधीच दारात उभा असलेला पूर्णक म्हणाला, "घर मला दाखव. घरात खाणारी माणसे किती आहेत ते आधी पाहून येऊ."

त्यानंतर ते काम पूर्णकाने आयुष्यभर सांभाळले. तो स्वतः वीणा वाजवीत राहिला, तांड्याच्या मुक्कामावर, थकलेल्या माणसांसाठी. त्याचे वादन ऐकून ती शांत झोपी जात.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, त्या वेळी समोर भिक्षू उपसेम बसले होते. आपल्यानंतर आलेला एक तरुण भिक्षू आपल्यापुढे गेला, याचे त्यांना दुःख होत होते. शास्ते त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "उपसेमा, तेव्हा पूर्णक तू होतास. ज्याच्यामुळे तू आज खिन्न आहेस तो तरुण भिक्षू तेव्हा उत्पला होता. भद्रा आणि सामा आज भिक्षुणीसंघात आहेत. आणि यशोमित्र श्रेष्ठी तो मीच. स्वतः मागे राहूनही दुसऱ्याला पुढे नेणे एकदा तुला जमले होते. दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून मन प्रसन्न होणे याला मुदिता म्हणतात. आणि ज्या उत्कर्षात आपले नुकसान आहे, त्यालाही हातभार लावणे ही तिची पूर्णता."